ओळखवहीतली खोडलेली ओळ

"किल्ली सैल आहे म्हणतंय," निकमकाका फोनवर म्हणाले. "ताई, दात सैल असतो, खाटेचा पाय सैल असतो. किल्ली कशी सैल असेल?"

कुंदानं हसू ओठांतच ठेवलं. 'चिरसंगत' कंपनीच्या नाशिकच्या मदत कक्षात दिवसाला चाळीसेक फोन येत. सगळे जिवंत माणसांचे. मेलेल्यांची कधी काही तक्रार नसे.

"काका, ही किल्ली म्हणजे तुमच्या लॅपटॉपमधली एक फाइल. ती तुमच्याशिवाय आणखी कुणालाही वाचता येत असली, तर यंत्र तिला किल्ली मानतच नाही. घराची किल्ली बाहेर खिळ्याला टांगून ठेवली, तर कुलूप लावायचं तरी कशाला?"

"आम्ही खिळ्यालाच टांगतो. शेजारचे आमच्याकडे पाणी भरतात."

"ती घराची झाली. ही कमलिनीकाकूंची आहे. मी सांगते ते टाइप करा, अक्षर न् अक्षर."

पलीकडून एका बोटाचा आवाज येऊ लागला. टक. एक मोठा श्वास. टक. धुळ्यात चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेल्या बाईचा हा नवरा आजन्म एकाच बोटानं टाइप करत आला होता. नव्या लॅपटॉपवर ताक सांडलं म्हणून त्यांनी आज कपाटातून जुना काढला होता, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला. पाच मिनिटांनी किल्ली घट्ट झाली.

"आता नेहमीसारखं जोडा," कुंदा म्हणाली. "एक लांबलचक इशारा येईल, ठसा बदलला आहे म्हणून. घाबरू नका, मी सांगते काय करायचं ते..."

"काही नाही आलं. सरळ आत गेलो. धन्यवाद हं ताई!"

तीन वर्षं बंद असलेला लॅपटॉप. त्यावर इशारा यायलाच हवा होता. पण समोर डबा उघडा होता, गवारीची भाजी गार होत होती, आणि जे बिघडलेलं नाही ते दुरुस्त करायची तिला सवय नव्हती. "मग बरंच झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या काळातही माणसं मरत होतीच. फक्त पूर्वीइतकी गप्प होत नव्हती. मरणापूर्वीच्या काही आठवड्यांत मेंदूची सगळी जोडणी, कोणती पेशी कोणत्या पेशीला किती जोरात हाक मारते ती, टिपून घेता येऊ लागली होती. ती मांडामांड एका आभासी यंत्रात चालू केली की मन पुन्हा विचार करू लागे. आभासी यंत्र म्हणजे एका दांडग्या संगणकाच्या पोटात भासवलेला दुसरा छोटा संगणक. एका इमारतीत जशी शंभर बिऱ्हाडं, तशी एका यंत्रात शंभर यंत्रं. प्रत्येकाला आपण स्वतंत्र घरात आहोत असंच वाटतं. लोक त्याला मनखोली म्हणू लागले. खोल्या लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर चालत, कारण ती फुकट होती आणि बंद पडत नसे; मरणोत्तर आयुष्याला एवढं पुरे होतं.

सुरुवातीला मेलेल्यांना आवाज आणि चेहराही होता. मग मेलेल्या वडलांच्या आवाजात कुणीही कुणालाही काहीही सांगू लागलं, आणि सरकारनं अक्षरबंदीचा कायदा केला: मृतांनी फक्त अक्षरांतून बोलायचं. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक उभी रेघ, आणि शेल नावाची ती जुनीपुराणी सोय, जिच्यातून एका गावातला माणूस दुसऱ्या गावातल्या यंत्रात शिरून त्याच्याशी लिहून बोलतो. ती एके काळी फक्त संगणकवाल्यांना ठाऊक होती. आता सासूशी बोलायलाही ती लागे.

कुंदा यातलं काही शाळेत शिकली नव्हती. ती साड्यांना फॉल-पिको करायची. तिला लहानाचं मोठं केलेली थोरली बहीण, अक्का, मनखोलीत गेली, तेव्हा दर वेळी दुकानदाराच्या पाया पडायला नको म्हणून तिनं शेलच्या आज्ञा कागदांवर उतरवल्या आणि शिलाई मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवल्या. वर्षभरात तिला त्या पाठ झाल्या. दुसऱ्या वर्षी त्या का चालतात तेही कळलं. मग कंपनीनंच तिला बोलावलं. रोज साडेचारला चहाचा कप घेऊन ती अक्काकडे जाऊन येई, आणि मग उरलेले फोन घेई.

गिऱ्हाइकांना ती सगळं घराच्या भाषेत समजावी. जोडणी जमली नाही की यंत्र तीनपैकी एक उत्तर देतं, आणि ती तीन उत्तरं म्हणजे तीन वेगळी दुःखं. 'वेळ संपली' म्हणजे तुम्ही रस्त्यावरून हाका मारताय आणि कुणी ओ देत नाही. घर पडलंय की पत्ता चुकलाय, काही कळायला मार्ग नाही. 'परवानगी नाही' म्हणजे दार उघडलं, पण तुम्हाला ओळखलं नाही, किल्ली तपासा. आणि 'जोडणी नाकारली' म्हणजे घर आहे, आत दिवाही आहे, पण दाराला कडी आहे. ही कडी आतल्या मनालाही घालता येते. कायद्यानंच तसा हक्क दिलाय, कारण नको असलेले पाहुणे मेलेल्यांनाही असतात.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता निकमकाकांचा पुन्हा फोन आला. आज विनोद नव्हता.

"ताई, हिला काहीतरी झालंय. परवा आम्ही तासभर बोललो. लोणच्यात मीठ किती, यावर वाद घातला. आणि काल..."

"काय झालं काल?"

"काल मी लिहिलं, 'जेवलो.' तर बराच वेळ काही नाहीच. मग लिहिते, 'कोण?' मी म्हटलं, अगं मी. तर म्हणते, 'तुम्ही जिवंत आहात?'"

कुंदानं पेन खाली ठेवलं.

"आणि चुका करते हो टाइप करताना. ही! एक काना राहिला तर पोरांना अख्खं पान पुन्हा करायला लावणारी बाई."

"काका, जुन्या लॅपटॉपवर पत्ता कसा लिहिलाय? नावानं की आकड्यांनी?"

"आकड्यांनी. तेव्हा नावं कुठे होती?"

ते खरं होतं. पूर्वी प्रत्येक खोलीचा पत्ता आकड्यांत असे. मग कंपनीनं सोयीसाठी नावं दिली. नाव म्हणजे दारावरची पाटी. ती एका दारावरून काढून दुसऱ्या दारावर लावली, तर नावानं येणारा पाहुणा दुसऱ्या घरात जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. आकड्यांनी येणारा मात्र थेट जुन्याच घरी पोचतो.

"मी एक आज्ञा सांगते. तिनं यंत्राचा ठसा दिसेल. तो मला वाचून दाखवा."

प्रत्येक मनखोलीला ठसा असतो, आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ, जगात दुसऱ्या कुणाची नसलेली. पहिल्यांदा जोडणी करताना तुमचा लॅपटॉप तो ठसा आपल्या ओळखवहीत उतरवून घेतो, आणि पुढे दर वेळी ताडून बघतो: हे तेच घर ना? जुळलं नाही, तर दारातच अडवतो.

निकमकाका एकेक अक्षर वाचत गेले. कुंदानं ते नोंदींशी ताडलं. कमलिनी निकम यांच्या आजच्या खोलीशी ते जुळत नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या खोलीशी जुळत होतं, शेवटच्या अक्षरापर्यंत.

भिंतीवर कंपनीनं तिला बक्षीस दिलेलं घड्याळ होतं. ते कशाबद्दल मिळालं होतं, ते कुंदाला तेव्हा आठवलं.

तीन वर्षांपूर्वी कंपनीनं सिन्नरच्या माळावरच्या जुन्या इमारतीतल्या सगळ्या खोल्या नव्या इमारतीत हलवल्या होत्या. जुन्या खोल्यांत मन अष्टौप्रहर जागं असे. घरचे दिवसातून तासभर यायचे, बाकीचे तेवीस तास मनानं काय करायचं? मृतांची एकच मोठी तक्रार निघाली होती, एकटेपणाची. नव्या खोल्यांत ती सोडवली होती: पाहुणा बाहेर पडला की मन निजायचं, पुन्हा आला की त्याच क्षणी उठायचं. मधला काळ त्याच्यासाठी नसेच. जाहिरातीत लिहिलं होतं, 'आता निरोप नाही.'

हलवण्याच्या त्या आठवड्यात सहाशे बारा घरांच्या पडद्यांवर एकच इशारा आला. या यंत्राचा ठसा बदलला आहे. हे पूर्वीचे यंत्र नसण्याची शक्यता आहे. फोनवर फोन. माणसं रडत होती. आणि कुंदानं, स्वतः शिकलेल्या कुंदानं, एका ओळीची आज्ञा तयार केली, जी ओळखवहीतली जुनी ओळ खोडायची आणि नवा ठसा मुकाट्यानं उतरवून घ्यायची. आधी तिनं ती स्वतःच्या वहीवर, अक्काच्या ओळीवर, चालवून पाहिली. छान चालली. मग सगळ्यांना पाठवली. "काही नाही हो, खोली हलवलीय ना, म्हणून कुरकुरतंय. ओळ खोडा आणि 'हो' म्हणा." या धंद्यातलं कुणीही तेच म्हणालं असतं. इशारा आला की ओळ खोडायची, हे सगळ्यांच्या बोटांत इतकं बसलं होतं की तो वाचतं कोण? शुक्रवारी फोन थांबले. सोमवारी घड्याळ मिळालं.

डॉक्टर इनामदारांनी मनखोल्यांची मूळ रचना केली होती. सभ्य, थकलेला माणूस. कुंदा न विचारता त्यांच्या खोलीत शिरली.

"सर, खोली एका इमारतीतून दुसरीत हलवली, तर तिचा ठसा बदलतो का?"

"नाही. ठसा खोलीच्या आतच असतो. सामानाबरोबर तोही जातो."

"मग बदलतो कधी?"

"नवी खोली बांधली की. पहिल्यांदा जागी होताना ती आपला ठसा..." ते थांबले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुणाचा सापडला?"

"कमलिनी निकम. धुळे. सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मन उचलून नेता येत नाही, कुंदाताई. त्याची नक्कल करता येते. नक्कल तिकडे जागी झाली की मूळ इकडे बंद करायचं. आम्ही त्यालाच स्थलांतर म्हणायचो."

"आणि बंद का नाही केलं?"

"बंद करायला घरच्यांची सही लागते. कायद्यानं तो मृत्यू आहे. सहाशे बारा घरी जाऊन काय म्हणायचं होतं? तुमचं माणूस हलवलं नाही, दुसरं केलंय, आता पहिल्याच्या मरणावर सही करा? वरच्यांनी ठरवलं, राहू दे. छतावर सौरपट्ट्या आहेत, इमारत आपोआप चालते. बंद करायला सही लागते. चालू ठेवायला कुणाचीच लागत नाही."

"जागी आहेत ती? तीन वर्षं?"

"जुन्या खोल्यांत झोपेची सोय नाही."

"म्हणजे काकांची आत्ताची बायको खोटी?"

"तसं असतं तर सोपं होतं." ते पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलले. "दोघी खऱ्या आहेत. दोघींना तेच लग्न आठवतं, तोच क्लास, तेच आजारपण. नक्कल झाली त्या दिवसापर्यंत दोघी मिळून एकच बाई होती. तिथून पुढे एकीचा नवरा रोज येतो, आणि एकीचा आलाच नाही."

"दोघींना एकत्र करता येईल?"

"पिळाचा दोर उलगडून तीन वर्षं दोन गावांत ठेवला, तर पुन्हा वळता येईल का? येईल कदाचित. तो दोर आहे. मन नाही वळता येत. आणि कायदा एका माणसाला एकच खोली देतो. निकमांना कळलं, की त्यांना एक निवडावी लागेल. दुसऱ्या खोलीत शिरून 'विराम' असं स्वतः टाइप करावं लागेल. आतल्या मनाला कळल्याशिवाय ते संपू नये, म्हणून तशी अट मीच घातली होती." ते किंचित हसले. "मला वाटलं होतं, ही फार दयाळू अट आहे."

"मी त्यांना सांगणार आहे."

"सांगा," डॉक्टर म्हणाले. "मी तीन वर्षं कुणीतरी सांगेल म्हणून थांबलोय."

निकमकाका एसटीनं आले, मांडीवर उशीच्या अभ्र्यातला लॅपटॉप घेऊन. कुंदानं त्यांना सगळं सांगितलं, इशारा कुणी खोडायला लावला तेही. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "म्हणजे लोणच्याचा वाद हिला माहीतच नाही?" मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तुमच्यावर रागावू का, ते कळत नाहीये मला," ते म्हणाले. "जरा वेळानं बघतो."

त्यांनी लॅपटॉप उघडला. कुंदा उठू लागली, तर म्हणाले, "बसा. मला एकट्याला नाही जमायचं."

टक. टक. एका बोटानं त्यांनी तिला सगळं लिहिलं. त्याला पाऊण तास लागला. पलीकडून मधे एक अक्षर आलं नाही. शेवटी ते आलं, अडखळत, गाळलेल्या अक्षरांसकट.

"मला वाटलं तुम्ही गेलात. मग वाटलं, गेले असते तर मुलानं कळवलं असतं. पहिल्या वर्षी दाराला कडी घालणार होते. रागच आला होता. पण म्हटलं, हे एका बोटानं टाइप करतात. वेळ लागत असेल."

निकमकाकांनी तोंडावर रुमाल धरला.

तिच्या खोलीत एकच फाइल होती. 'सराव.' क्लासमधल्या पोरांना देई तसे धडे तिनं स्वतःलाच दिले होते, रोज एक पान. पहिल्या शंभर पानांत एकही चूक नव्हती. चारशेव्या पानाच्या आसपास ओळी एकमेकींत शिरू लागल्या. शेवटच्या पानांवर एवढंच होतं, अर्जाच्या शेवटी लिहितात ते, 'आपली विश्वासू', खालपर्यंत, पुन्हा पुन्हा, आणि दर ओळीत त्यातलं एखादं अक्षर हरवत गेलेलं.

"ती कशी आहे?" तिनं विचारलं.

काकांनी कुंदाकडे बघितलं.

"तुझ्यासारखीच," त्यांनी लिहिलं.

"तिला चुका होत नाहीत ना?"

"नाही."

"मग तिच्याकडेच राहा. मला आता हे जागं राहणं पुरे झालं. फक्त लगेच नको. थोडे दिवस या."

बारा दिवस ते रोज तिच्याकडे गेले. सकाळी धुळ्याच्या घरी ते जुना लॅपटॉप उघडत, आणि संध्याकाळी ताक पुसून दुरुस्त करून आणलेला नवा. संध्याकाळचीला सकाळचीबद्दल त्यांनी एक शब्द सांगितला नाही. सकाळचीनंच तशी शपथ घातली होती. बोलायचं काय, हा प्रश्न तिसऱ्याच दिवशी पडला. तीन वर्षांचं तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांच्याकडे जे होतं ते सगळं दुसरीबरोबरचं होतं. मग त्यांनीच लिहिलं, "मला टायपिंग शिकव."

"चाळीस वर्षं म्हणत होते, तेव्हा नाही," तिनं उत्तर दिलं. त्या दिवशी तिची एकच चूक झाली.

कुंदाला ते रोज फोन करून सांगत. आज करंगळी हलली. आज न बघता एक अख्खी ओळ. चौथ्या-पाचव्या दिवशी तर ते हसलेसुद्धा. "मारकुटी आहे हो अजून." कुंदाला वाटून गेलं, कदाचित ती बाई सावरेल. तिनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तासभर सावरते. मग तेवीस तास उरतात." नवव्या दिवशी काकांनी सांगितलं की आज तिनं मला दोनदा विचारलं, तुम्ही कोण.

तेराव्या दिवशी ते पुन्हा आले. 'विराम' टाइप करताना कंपनीचं माणूस साक्षीला लागे. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर कुणीतरी कलिंगडं विकत होतं. काकांनी दहाही बोटं कळांवर ठेवली, तिनं शिकवली तशी.

"तयार?" तिनं लिहिलं.

"नाही."

"बोटांकडे बघू नका. समोर बघा. माझ्याकडे."

त्यांनी टाइप केलं. पडद्यावर आलं: अशी आज्ञा नाही. पुन्हा टाइप केलं. अशी आज्ञा नाही. तिसऱ्यांदाही तेच.

"अहो," तिनं लिहिलं. "मुद्दाम चुकताय. चाळीस वर्षं पोरांची पानं तपासलीत मी. मला कळत नाही का?"

काका हुंदका देऊन हसले. कुंदानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चौथ्यांदा त्यांची बोटं एकामागून एक पडली, न अडखळता, क्लासातल्या पहिल्या नंबराच्या पोरासारखी.

'जोडणी पलीकडून बंद झाली.'

ते लॅपटॉप अभ्र्यात घालून निघाले. दारात थांबून म्हणाले, "तुमच्यावर रागावायचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा ते अगदी हळू बोलत होते, घरात कुणी ऐकणारं नसतानाही.

"काल संध्याकाळी हिच्याशी बोलत होतो. मधेच थांबली. म्हणते, 'तुमचं टायपिंग केवढं सुधारलंय. कुणाकडे शिकायला जाता?' ताई, चेष्टेनंच म्हणाली. पण पुन्हा विचारलंन, कुणाकडे?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. पुन्हा एका बोटानं करू लागलो. ते जमतच नाही आता."

उरले सहाशे अकरा पत्ते. कुंदानं नोंदींतून ते आकड्यांत काढले आणि एकेक दार वाजवून पाहायची आज्ञा लिहिली, आत न शिरणारी, फक्त वाजवून परत येणारी. ही आज्ञाही एकाच ओळीची झाली. चहाच्या वेळेपर्यंत उत्तरं आली. 'वेळ संपली' एकही नव्हतं. एकही घर पडलं नव्हतं. एकशे चौऱ्याहत्तर दारं उघडी होती, म्हणजे अजून वाट बघत होती. चारशे सदतीस दारांनी जोडणी नाकारली होती.

तिनं यादी डॉक्टरांपुढे ठेवली. "नाकारली म्हणजे आतून कडी आहे. ही दारं बाहेरून उघडता येतील?"

"नाही. मनाचं दार फोडायला बंदी आहे."

"मग यांना विराम कसा द्यायचा? तो तर आत शिरूनच लिहावा लागतो."

डॉक्टरांनी यादीचं पान उलटलं.

"वीज तोडली तर?"

"कायद्यात त्याला खून म्हणतात. आणि कडी घालून बसलेलं मन झोपलेलं नसतं, एवढं तर तुम्हाला ठाऊकच आहे."

"मग किती दिवस चालतील ही?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "ऊन आहे तोवर," ते म्हणाले.

अक्काचा पत्ता यादीत तीनशे नववा होता. कुंदानं त्याच्यासमोरचं उत्तर यादीत वाचलं होतं, पण आज्ञा कधी कधी घाईत चुकते, म्हणून जागेवर येऊन तिनं तो आकडा हातानं टाइप केला. जुन्या किल्लीनं. तिनं एंटर दाबलं, आणि क्षणही गेला नाही.

'जोडणी नाकारली.'

साडेचार वाजले होते. चहा आला. कुंदानं दुसरी खिडकी उघडली, नावाची, आणि नेहमीच्या अक्काकडे गेली.

"आलीस?" अक्कानं लिहिलं. तिच्या लेखी कालचं वाक्य आत्ताच संपलं होतं. "मग? त्या शेजारणीचं पुढे काय झालं?"

"अक्का, मी अचानक यायचीच बंद झाले, तर तू काय करशील?"

"कुणाबरोबर पळून जाणारेस का या वयात?"

"सांग ना."

"काय करणार? थोडे दिवस दाराकडे बघीन. मग माझा स्वभाव तुला माहीत आहे. कडी घालून बसेन. म्हणावं, आता ये आणि वाजवत बस."

"आणि मग?"

उभी रेघ बराच वेळ लुकलुकत राहिली.

"मग कडीकडे बघीन," अक्कानं लिहिलं. "हे काय मेलं विचारतेस आज? चहा घेतलास का?"

"घेते," कुंदानं लिहिलं. चहावर साय धरली होती. तिनं बाहेर पडायची आज्ञा टाइप केली, बोट एंटरवर नेलं, आणि ते तसंच तिथे राहू दिलं. ती बाहेर पडली, की ही अक्का निजणार होती. दुसरी नव्हती निजणार.